जावयाच्या गाडीला पाणी

चार्जिंगची गाडी विकणारा माणूस गाडीत काय काय नाही हे सांगून गाडी विकतो. ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, प्लग नाहीत, क्लच नाही, सायलेन्सर नाही. हा नन्नाचा पाढा ऐकून गिऱ्हाईक धास्तावतं आणि विचारतं, मग आम्ही करायचं काय? त्यावर तो बॉनेट उघडतो, कोपऱ्यातल्या निळ्या झाकणावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "सर, तुम्ही फक्त वायपरचं पाणी भरायचं."

आमच्या दाजींनी हे वाक्य फार मनावर घेतलं.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. बीडला शाळेत विज्ञान शिकवतात. आमच्या घरचे जावई, आणि गाव लहान असल्यामुळे अख्ख्या पालीचे जावई. जावयाला तोंडावर वेडा म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही. त्यामुळे त्यांच्या गाडीबद्दल गावाला जे जे वाटतं ते सगळं प्रश्नाच्या रूपात, अत्यंत अदबीनं बाहेर पडतं. आणि दर रविवारी सासुरवाडीला आले की दाजी अंगणात गाडी लावून, बाह्या सरसावून, बॉनेट उघडून पाणी भरायला उभे राहतात. त्यामुळे प्रश्नांना तोटा नसतो.

पाली म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस बल्लाळेश्वराला हात जोडतो. ती रायगड जिल्ह्यातली. साताऱ्याकडच्याला खंडोबा आठवतो. ती कऱ्हाड तालुक्यातली. आमची पाली बीडपासून दहा-बारा किलोमीटरवर, धुळे-सोलापूर महामार्गालगत, बिंदुसरा धरणापाशी. दाजींच्या गाडीतल्या नकाशावाल्या बाईला नुसतं 'पाली' सांगितलं तर ती अष्टविनायकाच्या दिशेनं निघते, आणि एवढ्या चार्जिंगवर तिथपर्यंत पोचणार नाही, हा ठपकाही आपल्यावरच ठेवते.

खरं म्हणजे गाडीला पाणी पाजणं हे आमच्या गावाला नवीन नाही. पाली सोडली की पुढे मांजरसुंब्याचा घाट लागतो. पूर्वी कमांडर जिपा आत चौदा, टपावर सहा आणि मागे लोंबकळत तीन अशा बेतानं तो घाट चढायच्या. म्हणजे चढायला निघायच्या. रेडिएटरला उकळी फुटली की ड्रायव्हर गाडी कडेला घ्यायचा, ओलं पोतं हातात धरून टोपण फिरवायचा, आणि पांढऱ्या वाफेचा लोट उठला की पोरंटोरं कळशी घेऊन धावायची. 'गाडी तापली' हा जाहीर कार्यक्रम असे. उतारू उतरत, चहावाल्याचा धंदा होई, गप्पांतून एखादी सोयरीक निघे. आणि गडीमाणसं बॉनेटभोवती जमत. कमरेवर हात ठेवून आत डोकावून बघणं आणि "फॅन बेल्ट गेलाय" असं ठामपणे सांगणं, एवढं आलं की माणूस जाणता ठरायचा. फॅन बेल्ट गेलेला असलाच पाहिजे असं काही नव्हतं.

दाजींनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हाही माणसं अशीच जमली. कमरेवर हात गेले. माना आत वाकल्या. आणि मग कुणालाच काही बोलता येईना. आत एक चांदीसारखं खोकं, काही टोपणं आणि नारिंगी रंगाच्या जाडजूड केबली. या केबलींतून तीनशेच्या वर व्होल्ट खेळतात, असं दाजींनी सांगताच दोनशे तीसचे झटके खाल्लेलं गाव एक पाऊल मागे सरलं.

सगळ्यात वाईट अवस्था महामार्गावरच्या आमच्या मिस्त्रींची झाली. त्यांनी बराच वेळ न्याहाळून विचारलं, "इंजिन कुठंय?"

"इंजिन नसतंय. मोटार असते. खाली."

"आवाज?"

"येत नाही."

"मग बिघडलीय हे कळायचं कसं ओ दाजी?"

हा प्रश्न मला अजूनही बिनतोड वाटतो. हयातभर ज्या माणसानं कान लावून गाडीचं दुखणं ओळखलं, त्याच्यापुढे आवाजच नसलेली गाडी उभी केली तर त्यानं करावं काय? पण तेवढ्यात त्यांची नजर एका काळ्या डब्यावर गेली आणि चेहरा उजळला. "आरं, हिच्यातबी आपली जुनीच बारा व्होल्टची बॅटरी हाय की!" हे मात्र शंभर टक्के खरं. शेकडो किलोमीटर पळवणारी मोठी बॅटरी गाडीच्या पोटात असली तरी दिवे, कुलपं, हॉर्न, वायपर आणि त्या पाण्याचा पंप ही बारकी कामं बहुतेक ई-गाड्यांत अजून त्या साध्या बारा व्होल्टवरच चालतात. तीच उतरली तर पोटात वीज भरलेली असूनही गाडी दार उघडायला खळखळ करते. मिस्त्री त्या दिवशी समाधानानं घरी गेले.

आता त्या निळ्या झाकणाबद्दल. त्यावर काचेचं चित्र असतं आणि काचेवर उडणारे फवारे. शहरातल्या माणसाला ते कारंजं वाटेल. आमच्या चुलत्यांनी ते पाहिलं आणि क्षणात ओळखलं, "हे तुषार सिंचन हाय." पाठोपाठ दुसरा प्रश्न, "ह्याला अनुदान किती?" दाजींनी गाडीवर सरकारी सवलत असते वगैरे सांगितलं, पण चुलत्यांना गाडीच्या अनुदानात रस नव्हता. तुषारचं वेगळं मिळतं का, एवढंच त्यांना हवं होतं.

या टाकीत पाणी मावतं दोन-तीन लिटर, गाडीगणिक थोडंफार कमी-जास्त. तिच्या शेजारीच कूलंटची टाकी असते. बॅटरी आणि मोटारीचा ताप उतरवणारं ते पाणी कंपनीनं ठरवून दिलेलंच लागतं, तिथे आपला हात चालवायचा नसतो. एवढं एक सांभाळलं की या कामात चुकण्यासारखं काही नाही. म्हणूनच बहुधा गावातल्या प्रत्येकाला ते आपल्याला दाजींपेक्षा बरं येतं असं वाटतं.

पहिल्या दिवाळीला दाजींनी बीडहून काच धुण्याच्या तयार पाण्याची बाटली आणली. ते पाणी निळं असतं. दाजी संध्याकाळी अंधार पडता पडता आले, गाडी अंगणात घेतली, आणि चहा होईपर्यंत टाकी भरून घ्यावी म्हणून मोबाईलच्या उजेडात ते निळं पाणी नरसाळ्यानं ओतायला लागले. नेमके तेव्हाच आमचे आबा ओट्यावरून उठून बाहेर आले.

रेशनचं रॉकेल ज्यांनी रांगा लावून आणलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सवलतीचं रॉकेल काळ्या बाजारात गेलं तर ओळखू यावं म्हणून सरकार त्यात निळा रंग घालायचं. आणि ते कुठे कुठे जायचं हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कितीतरी टेम्पो-जिपा त्या निळ्या रंगावर धूर ओकत घाट चढून गेल्या. पुढे रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं, पण त्या निळाईची ओळख आबांच्या डोळ्यांतून गेलेली नाही. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, दाजींच्या जवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, दिवसा चार्जिंग म्हणता अन् रातच्याला रॉकेल घालता व्हय?"

दाजींनी बाटली त्यांच्या नाकाशी धरली. आबांना लिंबाचा वास आला. त्यांचं समाधान झालं नाही. "वासाचं रॉकेल निघालंय," असं त्यांनी आत जाऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन जण दाजींना बाजूला घेऊन, "कुठून मिळायलंय?" असं विचारून गेले. त्यातले एक पूर्वी रेशन दुकानावर मापाला बसायचे.

त्यानंतर दाजींनी निळं पाणी बंद केलं आणि मग साध्या पाण्याचा मोठा प्रश्न उभा राहिला. गावात पाणी पाच प्रकारचं. नळाचं, बोअरचं, टँकरचं, जारचं आणि फिल्टरचं. यातलं बोअरचं पाणी जड. त्यातले चुना नि मॅग्नेशियमचे क्षार हंड्याच्या आत पांढरा थर धरतात आणि पाणी तापवायच्या कॉइलवर खडू जमवतात. तेच गाडीच्या टाकीत ओतलं की काचेवर उन्हानं वाळून पांढरे ठिपके उरतात आणि सुईच्या छिद्राएवढं ते नोझल हळूहळू बुजतं. दाजी हे सगळं फळ्यावर आकृती काढल्यासारखं समजावून सांगत, पण त्यांच्या माघारी कुणीतरी प्रेमानं बोअरची कळशी टाकीत रिकामी करायचंच. जावयाच्या गाडीला पाणी विचारायचं नाही म्हणजे काय!

मग एक दिवस व्हायचं ते झालं. दांडी ओढली तर वायपर फिरले, पाणी येईना. चुलत्यांनी रोगाचं निदान तत्काळ केलं. ठिबकच्या नळ्या क्षारानं तुंबल्या की शेतकरी त्यांत पातळ केलेलं ॲसिड सोडतात. "अर्ध्या तासात मोकळं करतो," म्हणत ते कॅन आणायला निघालेही. दाजी त्यांच्या मागे धावले. तेवढ्यात आजीनं फडताळातून एक पत्र्याची पट्टी काढून आणली. तिच्या टोकाला केसाएवढी तार. स्टोची पिन! वातीचा नव्हे, भर्र भर्र आवाज करणाऱ्या पंपाच्या स्टोची. तो स्टो कधीच भंगारात गेला, पिन मात्र तिनं जपून ठेवली होती. तिनं नोझलमध्ये ती दोनदा फिरवली आणि फवारा थेट छपराच्या पन्हाळीपर्यंत गेला. एवढी अद्ययावत गाडी, स्वतःहून मोबाईलशी बोलणारी, आणि तिची अडलेली धार स्टोच्या पिनेनं मोकळी झाली. मिस्त्रींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी आजीला नमस्कार सांगून पाठवला.

शेवटी तोडगा काढला तो शेजारच्या पोरानं. त्याचं म्हणणं सरळ होतं, "गाडी बॅटरीची हाय, तर पाणीबी बॅटरीचंच टाका." म्हणजे इन्व्हर्टरला घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. तर्क सपशेल चुकीचा आणि उत्तर अगदी बरोबर. त्या पाण्यात क्षारच नसतात, मग ठिपके पडतील कशाला आणि नोझल तुंबेल कशाला? विज्ञानाच्या शिक्षकाला या गोष्टीचा फार त्रास झाला. परीक्षेत असं उत्तर आलं तर मार्क द्यायचे की नाही, यावर ते जेवतानाही विचार करत होते.

याचा परिणाम 2023 च्या अधिक श्रावणात दिसला. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. आईनं तेहतीस अनारसे तळले, दिवा घेतला, आणि "आणखी काय पाहिजे?" असं रिवाजानं विचारलं. दाजी म्हणाले, "बॅटरीच्या पाण्याचा एक कॅन." आईला पहिल्यांदा थट्टा वाटली. मग तिनं खरंच पाच लिटरचा कॅन मागवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि अनारशांच्या ताटाशेजारी ठेवला. त्या वर्षी ते दान अगदी वेळेवर ठरलं. कारण पुढे पाऊस जो गेला तो गेलाच. त्या ऑगस्टात देशभरात इतका कमी पाऊस झाला की 1901 पासूनच्या नोंदींत तेवढा कोरडा ऑगस्ट नव्हता. रस्त्यावर धुरळाच धुरळा. आणि कोरड्या काचेवर वायपर फिरवला तर धुळीची खरड काचेवर उमटते आणि वायपरचं रबर जातं ते वेगळं.

पण अशा वर्षात आमच्याकडे काच धुणं हे लपून करायचं काम होतं. वेशीवर टँकर उभा, पाइप सोडून भांडणं चाललेली, आणि जावई ऐटीत काचेवर फवारा मारतायत! कुणी काही बोलत नाही. फक्त एखादी बाई डोक्यावर घागर घेऊन जाताना क्षणभर थांबते. दाजी पुढे पुढे गावाबाहेर, खजाना विहिरीच्या पलीकडे गेल्याशिवाय दांडी ओढेनासे झाले. ती विहीर निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली. आटत नाही अशी तिची ख्याती आहे. दाजींचा कॅन मात्र आटत असे. तरी हिशेब केला तर महिनाभर काचेला जितकं पाणी लागतं तितकं अंगणात गाडी एकदा पाइपानं धुताना पहिल्या मिनिटातच संपतं. पण हा हिशेब घागरवाल्या बाईला थांबवून सांगायची हिंमत विज्ञानाच्या शिक्षकातही नसते.

आमच्याकडच्या ड्रायव्हरांनी काचेपुढे कधी हार मानलेली नाही. एसटीच्या ड्रायव्हरांकडे बुचाला भोकं पाडलेली बाटली आणि जुना पेपर असायचा. पावसात वायपर बंद पडला तर चिमूटभर तंबाखू काचेवर चोळायची, म्हणजे थेंब चिकटून राहत नाही. एवढी तंबाखू बीड जिल्ह्यात कुणाच्याही खिशात सापडते. आता एसटीतही चार्जिंगच्या बस आल्या. 1 जून 2022 ला पुणे-नगर मार्गावर 'शिवाई' धावली, त्याच मार्गावर जिथे 1948 साली एसटीची पहिली गाडी सुटली होती. या बसमध्ये तंबाखूची सोय कंपनीनं केलेली नसावी.

दाजी ओट्यावर बसले की जगाच्या गोष्टी सांगतात. अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईनं न्यूयॉर्कमध्ये ट्रामचा ड्रायव्हर बर्फाळ पावसात काच उघडून कुडकुडताना पाहिला आणि आतून दांडीनं फिरवायचा वायपर शोधून काढला. 1903 मध्ये पेटंटही मिळवलं. कंपनी म्हणाली, यात काही नफा नाही. पेटंटची मुदत संपली आणि मग घरोघरच्या गाड्यांना वायपर लागले. बाईला दमडी मिळाली नाही. यावर आजी एवढंच म्हणाली, "बाईनं सांगितलेलं मुदत संपल्यावरच पटतंय."

पुढची गोष्ट रॉबर्ट कर्न्सची. लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्याच्या डोळ्यावर बसलं आणि तो डोळा कायमचा अधू झाला. पुढे पावसात गाडी चालवताना त्याच्या मनात आलं, डोळ्याची पापणी सारखी फडफडत नाही, थांबून थांबून मिटते, मग वायपर का सारखा फिरतो? त्यातून थांबून थांबून फिरणारा वायपर निघाला, कंपन्यांनी तो वापरला, आणि हा माणूस वर्षानुवर्षं कोर्टात लढत राहिला. 1990 मध्ये फोर्डला त्याला एक कोटीहून जास्त डॉलर द्यावे लागले. आबांचं लक्ष डॉलरकडे नव्हतंच. "लग्नाच्या रात्रीच डोळा?" ते हळहळले. "आपल्यात रुसवा-फुगवा होतोय, पण जावयाचा डोळा कुणी फोडत नाही."

एक गोष्ट मात्र आजीला सांगून दाजी पस्तावले. इंग्लंडमध्ये 2010 च्या सुमारास संशोधकांना आढळलं, की गाडीच्या त्या टाकीत नुसतं साधं पाणी साचून राहिलं तर त्यात न्यूमोनियासारख्या आजाराचे जंतू वाढू शकतात, आणि फवाऱ्याबरोबर ते नाकात जातात. म्हणून पाण्यात काच धुण्याचं औषध टाकावं. आजी म्हणाली, "शिळं पाणी ठेवतातच कशाला?" तिच्या घरात कालचं पाणी रोज सकाळी तुळशीला जातं आणि ताजं भरलं जातं. आठवड्यानं नळ येतो तेव्हाही तिचा हा नेम मोडत नाही. शिळं कुठलं हे ती ठरवते. तेव्हापासून दर रविवारी ती दाजींना विचारते, "गाडीतलं पाणी ताजं हाय ना?" दाजी हो म्हणतात आणि गुपचूप औषधाचं बूचभर मिसळतात. बिनरंगाचं.

टेस्लानं जुलै 2025 मध्ये मुंबईत दुकान थाटलं, तेव्हा दाजींनी मोबाईलवर तिचं बॉनेट उघडून दाखवलं. आत सामान ठेवायची मोकळी जागा. मिस्त्री खिन्न झाले. पण बारकाईनं पाहिलं तर तिच्याही नाकाशी ते फवाऱ्याचं चित्र आणि तीच टाकी. "एवढ्या लाखांची हाय, तरी पाणी हातानंच घालायचं का?" मिस्त्रींनी विचारलं, आणि हातानंच, असं ऐकून त्यांना बरं वाटलं.

गेल्या हंगामात कारखाने सुरू झाले तेव्हाची गोष्ट. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, त्यांच्या मागे पाचट आणि माती. दाजी आणि मी मांजरसुंब्याहून रबडी घेऊन घाट उतरत होतो. उतारावर या गाडीची मोटार उलटी जनित्रासारखी चालते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. चुलत्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "मग उतरतच राहायचं. चढता कशाला?" तर, चार्जिंगचा आकडा एकानं वाढल्याच्या आनंदात दाजींनी समोरची धुळीनं भरलेली काच पाहिली आणि दांडी ओढली. नवीनच साफ केलेलं नोझल, वेग बरा, वारा समोरून. फवारा काचेवर थोडा बसला आणि बाकीचा टपावरून झेप घेऊन मागे गेला.

मागे मोटारसायकलवर एक जण होता. हेल्मेट अर्थातच हँडलला. त्यानं करकचून हॉर्न दाबला, गाडी पुढे घालून आडवी लावली, उतरला, आणि "आरं ए, डोळे फुटले का रं—" म्हणत खिडकीशी आला. आत पाहिलं तर दाजी. गावचे जावई. त्यानं ते वाक्य तिथेच गिळलं. टोपी काढली. चेहऱ्यावर ओघळ, शर्टावर ओघळ, आणि चष्म्याची एक काच लख्ख, दुसरीवर मांजरसुंब्यापासूनची धूळ जशीच्या तशी. त्यानं चष्मा उतरवून उजेडात धरला, दोन्ही काचा नीट पाहिल्या आणि अदबीनं खिडकीतून पुढे केला.

"दाजी, मारलंच हाय तर हिकडच्याबी काचेवर मारा की."